डावीकडे पाऊण इंच

मास्तरांनी तो शर्ट आपणहून कपाटातून काढला, तेव्हाच मास्तरीणबाईंना संशय यायला हवा होता. पाच वर्षांत त्यांनी तो चारदा घातला असेल, आणि तोही दर वेळी बायकोनं हातात कोंबल्यावर. आज मात्र रविवारी सकाळी साडेसहाला स्वारी स्वतः त्याला इस्त्री करत होती आणि वर गुणगुणतही होती.

"फोटो संध्याकाळी चारला आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आत्तापासून घालून चुरगाळून टाकाल."

"नाही चुरगाळत. क्लबात जाऊन सीटची कव्हरं तर बसवायची आहेत."

"अजून संपली नाहीत का हो ती कव्हरं?"

प्रश्न रास्त होता. गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबात विमानं दोन, प्रत्येकात खुर्च्या दोन. चार खुर्च्यांच्या कव्हरांसाठी मास्तर गेले चौदा महिने दर रविवारी जात होते. एवढ्या वेळात त्यांनी एका अख्ख्या वरातीचे कपडे शिवून दिले असते. पण मास्तरांनी "विमानाचं काम नाजूक असतं," असं काहीतरी पुटपुटून शर्टात हात घातले आणि स्कूटर काढली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. कोपऱ्यावरच्या दुकानात पस्तीस वर्षं मशीन चालवून त्यांनी गावातल्या निम्म्या माणसांची मापं पाठ केली होती. लोक त्यांना मास्तर म्हणत, म्हणून त्यांची बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. तिला सुईत दोरा ओवता येतो की नाही, हे कुणी विचारलं नाही. त्या हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून नावं पुकारत. माणूस दारातून आत आला की दुखणं गुडघ्यात आहे की कमरेत, हे त्या डॉक्टरांच्या आधी ओळखत आणि फक्त विचारलं तरच सांगत.

आयुष्यात त्यांनी एकच कपडा शिवला होता, तो हा शर्ट. मास्तरांना पन्नास पूर्ण झाली तेव्हा त्यांनी दुसऱ्याच पेठेतून फिकट निळं कापड आणलं आणि मास्तर दुकानात असताना घरातल्या जुन्या मशीनवर दोन महिने झुंज दिली. शिवण संपवताना दोन टाके उलटे मारायचे असतात हे माहीत नसल्यामुळे शर्टाच्या खालच्या घेराच्या डाव्या टोकाला त्यांनी दोऱ्याची मिऱ्याएवढी गाठ मारली होती. मास्तरांनी शर्ट टेबलावर पसरला, पाहिला आणि म्हणाले, "छान आहे." पण पाहणं आणि 'छान' यांच्या मध्ये ते एक क्षण थांबले होते. शर्टाची डावी बाजू उजवीपेक्षा आखूड होती, आणि शिंप्याच्या डोळ्याला ते न दिसणं शक्यच नव्हतं. मास्तरीणबाईंनी तो थांबलेला क्षण ऐकला, आणि त्यानंतर मशीनला हात लावला नाही.

आता चौदा महिन्यांचं गुपित. क्लबाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी शिवून हवी होती आणि सीटची कव्हरंही. माप घ्यायला म्हणून मास्तर विमानात बसले ते उठेचनात. पलीकडच्या धावपट्टीकडे बघत, टेप हातात तशीच धरून, त्यांनी तिथल्या कॅप्टनबाईंना विचारलं की हे शिकायला वयाची काही अट असते का. कॅप्टनबाई म्हणाल्या, तब्येत चांगली असली की झालं. क्लबाकडे शिवण्यासारखं पुष्कळ होतं, विमानांवर टाकायच्या कापडी आच्छादनांपासून मेकॅनिकच्या कपड्यांपर्यंत. ते मास्तरांनी शिवायचं आणि त्याच्या बदल्यात कॅप्टनबाईंनी त्यांना उडायला शिकवायचं, असं ठरलं.

बायकोला पुढच्या रविवारी सांगू, असं मास्तरांनी पहिल्या रविवारी ठरवलं होतं. पण ही बाई घड्याळाचा सेल बदलायला स्टुलावरसुद्धा चढत नसे. तिनं 'नको' म्हटलं असतं तर मास्तरांनी ऐकलं असतं. म्हणून त्यांनी विचारलंच नाही, आणि न विचारलेल्या गोष्टी जशा दिवसेंदिवस जड होत जातात तशी हीही झाली.

शिकणं मात्र उत्तम चाललं होतं. हात स्थिर, नजर पक्की, उडतानाच्या कामांची यादी तोंडपाठ. खोट एकच होती. मास्तरांचं विमान सरळ उडताना हळूच डावीकडे कलायचं. "मास्तर, डावा पंख," असं कॅप्टनबाई इतक्या वेळा म्हणाल्या होत्या, की ते झोपेतही उजवीकडे वळत. विमान दोनदा तपासून झालं, काही सापडलं नाही. दुसरं कुणी बसलं की तेच विमान सुतासारखं सरळ जाई.

आणि गेल्या रविवारी कॅप्टनबाई म्हणाल्या होत्या की पुढच्या वेळी हवा चांगली असेल तर एकट्यानं एक चक्कर मारायची. आठवडाभर मास्तरांचा जीव वर-खाली होत होता. एकट्यानं आभाळात जायचं, आणि जिला सांगायला हवं तिलाच सांगितलेलं नाही. निदान तिच्या हातचं काहीतरी अंगावर असावं, एवढ्यासाठी तो शर्ट कपाटातून बाहेर आला होता.

हवा चांगली होती. कॅप्टनबाईंनी उतरून आपल्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "एकच चक्कर. वर जा, वळा, या. आणि डावा पंख." मग त्यांनी दार लावलं आणि त्या मागे न बघता चालत गेल्या.

विमान नेहमीपेक्षा लवकर वर उचललं गेलं. मास्तर सवयीनं यादी मोठ्यानं म्हणत होते, आणि थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आपण रिकाम्या खुर्चीशी बोलतोय, आणि तेही कॅप्टनबाईंशी बोलतो तसं नाही. "आता वळतो हं," ते म्हणाले. "घाबरू नकोस, हे असंच तिरपं होतं." खाली पाण्याची टाकी दिसली, हाडांच्या दवाखान्याची गच्ची दिसली, आणि मग आपल्या घराची गच्ची, तिच्यावर वाळत घातलेली पिवळी चादर. "सांगतो," ते खुर्चीला म्हणाले. "आज फोटो झाला की लगेच सांगतो." मग त्यांनी डावा पंख सावरला आणि धावपट्टीवर एकदा उसळून, पण नीट उतरले.

इथवर सगळं ठीक होतं. विमानातून उतरल्या उतरल्या मेकॅनिकनं त्यांना पाठीमागून धरलं, कॅप्टनबाईंनी शर्ट पँटमधून बाहेर ओढला, आणि कात्रीचा आवाज आला. पस्तीस वर्षांत मास्तरांनी तो आवाज लाखो वेळा ऐकला होता, पण स्वतःच्या पाठीमागून कधीच नाही. कात्रीही त्यांनीच धार लावून क्लबाला दिलेली होती.

"अभिनंदन," कॅप्टनबाई निळा तुकडा हलवत म्हणाल्या. "प्रथाच आहे ही. पूर्वी शिकवणारा मागे बसायचा. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू जायचं नाही, म्हणून शर्ट ओढून सांगायचा. आता तुम्ही एकट्यानं उडालात, ओढायला कुणी नको."

क्लबाच्या ऑफिसात भिंतीवर असे पंधरा-वीस तुकडे टाचलेले होते, प्रत्येकावर नाव आणि तारीख. मास्तर ते चौदा महिने बघत होते. शिंपी लोक बिलाला गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा टाचतात, नाव-तारीख घालतात. क्लबाचीही तशीच काही पद्धत असेल, असं ते धरून चालले होते. फक्त कापणाऱ्याला कात्री धरता येत नाही, एवढं त्यांचं मत झालं होतं, आणि ते आता पक्कं झालं. तुकडा चार बोटं उंच आणि वीतभर रुंद होता, आणि कडा उंदरानं कुरतडल्यासारखी.

मास्तर पांढरे पडले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. कॅप्टनबाईंनी नाव लिहायला पेनचं टोपण काढलं, तसा मास्तरांनी तुकडा त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. पुढच्या रविवारी आणून देतो, पण आज हा मला पाहिजे, एवढंच ते म्हणाले. मग मेकॅनिकचा ग्रीसनं माखलेला डगला पाठीवर चढवून ते स्कूटरवरून दुकानाकडे सुटले. बायकोला सांगायचं तर होतंच. पण माणसाला एका वेळी एकच गुन्हा कबूल करता येतो, आणि मास्तरांनी विमानाचा कबूल करायचा ठरवला होता. शर्टाचा आधी मिटवायला हवा होता.

शटर अर्धं ओढून बनियनवर ते कामाला बसले. तुकडा जोडणं अवघड नव्हतं. असलं रफू त्यांनी डोळे मिटून केलं होतं. पण जोडायचा म्हणजे दोन्हीकडची कुरतडलेली कड आत घ्यायची. त्यात मागची बाजू मध्येच थोडी वर गेली. ती लपवायची तर सगळा घेर उसवून पुन्हा दुमडायला हवा. उसवताना गाठ आडवी आली, ती त्यांनी कापून टाकली. मग शर्ट टेबलावर सपाट पसरला, पट्टी लावली, आणि पाच वर्षं डोळ्यात सलणारी ती आखूड डावी बाजू समोर आली. मास्तरांनी खडू उचलला कधी, हे त्यांनाही कळलं नाही. उजवी बाजू पाऊण इंच कापून त्यांनी दोन्ही सारख्या केल्या. तीन वाजता शर्ट तयार झाला तेव्हा त्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नव्हती.

अंगात घालून ते आरशासमोर उभे राहिले. शर्ट डावीकडे लोंबत होता. मास्तरांनी भुवया उंचावल्या, पुढे झाले आणि आरसा सरळ केला.

स्टुडिओत मास्तरीणबाई आधीच येऊन बसल्या होत्या. लग्नाला तीस वर्षं झाल्याचा फोटो, म्हणून केसांत पिन नवी होती. त्यांनी शर्ट बाहेरच ठेवायला सांगितलं. शिवला तेव्हापासून त्यांचा तोच आग्रह होता. फोटोवाल्यानं दोघांना उभं केलं, कॅमेऱ्यातून बघितलं आणि डोकं बाहेर काढलं. "काका, शर्ट डावीकडे लोंबतोय. जरा वर ओढा."

मास्तरांनी ओढला. सोडल्यावर तो पुन्हा लोंबला. फोटोवाल्यानं त्यांना इकडे वळवलं, तिकडे वळवलं, दिवा हलवला. दवाखान्यात दारातून येणाऱ्या माणसाकडे बघतात तसं मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे जाऊन घेराच्या डाव्या टोकाला बोटांनी चाचपलं.

"गाठ कुठे गेली?"

"कसली गाठ?"

"मी मारलेली. इथे होती."

"खिळ्याला अडकून जरासा फाटला होता गं," मास्तर म्हणाले. "मी नीट केला."

"चौदा महिने चार खुर्च्या. आणि आता खिळा."

फोटोवाला घाईघाईनं काच पुसायला लागला. मास्तर त्या दिव्याच्या उजेडात उभे होते, आणि पळायला जागा नव्हती. "मी आज विमान चालवलं," ते म्हणाले. "एकट्यानं. शेजारी कुणी नव्हतं." आणि मग नळीपासून कात्रीपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. गच्चीवरची पिवळी चादर वरून दिसली, हेही सांगितलं.

मास्तरीणबाई तिथल्या स्टुलावर बसल्या.

"उतरलात नीट?"

"हो."

"कुठे लागलं-बिगलं नाही?"

"नाही."

त्यांनी एक लांब श्वास घेतला. "विमानाचं घरी गेल्यावर बघते. आधी मला हे सांगा, शर्टाला हात का लावलात?"

"सरळ केला गं फक्त. डावी बाजू पाऊण इंच आखूड झाली होती. तुला वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही."

"झाली नव्हती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ठेवली होती."

मास्तरांना काही कळेना. मग त्या सावकाश, पेशंटच्या नातेवाइकाला समजावून सांगावं तसं सांगायला लागल्या. वर्षानुवर्षं मशीनवर एकाच बाजूला झुकून बसल्यामुळे त्यांचा डावा खांदा खाली उतरला होता. ते बेसिनपाशी दात घासायला उभे राहिले की त्या मागून, भिंतीच्या टाइलच्या रेघेशी खांदे लावून बघत. आठवडाभर बघितलं, रोज तेवढाच फरक, पाऊण इंच. "तुमचे बाकीचे सगळे शर्ट अंगावर तिरके बसतात. खोचलेले असतात म्हणून दिसत नाही. हा एकच सरळ बसायचा. टेबलावर वाकडा होता, कारण तो टेबलासाठी शिवला नव्हता."

मास्तर आपल्या घेराकडे बघत राहिले. गावातल्या निम्म्या माणसांची मापं त्यांच्या डोक्यात होती. स्वतःचं माप मात्र त्यांच्या गुरूनं ते वीस वर्षांचे असताना घेतलेलं होतं, आणि तेच ते आजवर वापरत आले होते. बायकोनं दोन महिने खपून आपल्याला बरोब्बर ओळखलं, आणि आपण त्यावर पट्टी लावली, या विचारानं त्यांना भरून आलं. आणि मग, तशातच, ते हसायला लागले.

"पंख," ते म्हणाले. "अगं, डावा पंख."

सगळं सांगून झाल्यावर मास्तरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे तुम्ही विमानसुद्धा वाकडे बसून वाकडं चालवता. आणि त्या बाईंना चौदा महिन्यांत हे दिसलं नाही?"

फोटो शेवटी शर्ट खोचून काढला. त्यात मास्तरांचे डोळे लाल आहेत आणि मास्तरीणबाई कॅमेऱ्याकडे न बघता त्यांच्या खांद्याकडे बघताहेत.

विमानाचा विषय मात्र त्यांनी तीन दिवस काढला नाही. कपबशा जरा जोरात ठेवल्या जात, एवढंच. मास्तरांनी मनाची तयारी केली होती. नको म्हणाली की सोडायचं, तक्रार करायची नाही. चौथ्या दिवशी जेवताना त्या बोलल्या.

"मी नको म्हटलं असतं."

"म्हणून तर..."

"आणि दोन दिवसांनी जा म्हटलं असतं. ते दोन दिवस तुम्ही मला दिलेच नाहीत."

मास्तरांनी बायकोचा हात हातात घेतला. "चुकलो," ते म्हणाले, आणि त्यांना ते खरोखर वाटत होतं.

"आता देता?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी दिले. त्या दोन दिवसांत पाच वर्षांनी घरातल्या मशीनचा आवाज आला. रविवारी सकाळी मास्तरीणबाई स्कूटरवर मागे बसून क्लबात आल्या. पिशवीत दोन वस्तू होत्या. एक तो तुकडा, मास्तरांचं देखणं रफू उसवून पुन्हा सुटा केलेला. तो त्यांनी कॅप्टनबाईंच्या हातात दिला आणि ज्याची जागा त्याला मिळू दे म्हणाल्या. दुसरी होती खुर्चीवर टाकायची उशी, डावीकडे जाड आणि उजवीकडे पातळ. कोपऱ्यात मिऱ्याएवढी गाठ.

मास्तरांनी उशी हातात घेऊन फिरवली. शिवण दोन ठिकाणी रस्ता सोडून गेली होती.

"छान आहे," ते म्हणाले, आणि या वेळी मध्ये एक क्षणही गेला नाही.

त्या दिवशी वर गेल्यावर कॅप्टनबाई सवयीनं "मास्तर, डावा..." म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. खाली मास्तरीणबाई कपाळावर हात धरून, मान जराशी तिरपी करून बघत उभ्या होत्या. दोन्ही पंख सारखे दिसत होते.

पुढे परीक्षा झाल्या, लेखी आणि आभाळातल्या. लेखीत मास्तर एकदा नापासही झाले. हवामानाच्या पेपरात त्यांनी ढगांपेक्षा कापसाबद्दल जास्त लिहिलं होतं. पण वर्ष संपता संपता लायसन्स आलं, आणि त्याबरोबर शेजारी माणूस बसवायची परवानगीही. मास्तरांनी या खेपेला आधी विचारलं. मास्तरीणबाईंनी पूर्ण दोन दिवस घेतले आणि हो म्हणाल्या.

मास्तरांच्या अंगात तोच निळा शर्ट होता. तुकड्याच्या जागी मागे खिडकी पडलेली, डावी बाजू पुन्हा पाऊण इंच वर घेतलेली, आता एकूणच कमरेपाशी आलेला. ते यादी म्हणत होते आणि मास्तरीणबाई गच्च डोळे मिटून बसल्या होत्या. चाकांनी जमीन सोडली तेव्हा त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि नवऱ्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं.

पाण्याच्या टाकीवरून वळून विमान घराच्या दिशेनं निघालं, आणि मास्तरांना शर्टाला ओढ बसल्याचं जाणवलं.

"सरळ आहे गं," ते म्हणाले. "दोन्ही पंख सरळ आहेत."

"माहीत आहे मला," मास्तरीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तरी असू दे."

मास्तरांनी शर्टाचं टोक त्यांच्या मुठीत तसंच असू दिलं, आणि खाली आपल्या गच्चीवरची पिवळी चादर दिसायला लागल्यावर हळू आवाजात म्हणाले की आता एकदाच, फक्त चादरीपुरता डोळा उघड.